रेडियल फोरआर्म फ्लॅपची व्हेन: सिफॅलिक की व्हीसी, आणि पहिल्या दोन रात्री काय बघायचं

तुझा प्रश्न थोडक्यात असा की रेडियल फोरआर्म फ्री फ्लॅपमध्ये (मनगटाकडच्या हाताची चामडी तिच्या रक्तवाहिन्यांसकट काढून तोंडात बसवायची आणि गळ्यातल्या रक्तवाहिन्यांना जोडायची) सिफॅलिक व्हेनवर विसंबायचं की आर्टरीसोबतच्या व्हीनी कॉमिटांटिसवर (पुढे व्हीसीच म्हणतो), एक जोडायची की दोन, आणि वॉर्डात ड्रेनेज, म्हणजे फ्लॅपमधलं रक्त बाहेर जाणं, नीट चाललंय हे ओळखायचं कसं. आणि तू लिहिलंयस की तुमच्या युनिटमधला जिभेचा फ्लॅप दुसऱ्या रात्री काळानिळा पडला, सकाळच्या राउंडला कळलं तेव्हा काही करण्यासारखं उरलं नव्हतं. वाचून फार वाईट वाटलं, कारण माझा पहिला गेलेला फ्लॅपही असाच रात्रीत गेला, आणि तो का गेला हे मला नंतर नीट कळलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी तीच गोष्ट सांगतो. गालाच्या आतल्या कॅन्सरचे एक काका, शेतकरी, वर्षानुवर्षं तंबाखू-चुन्याची गोळी गालात ठेवायची सवय. ऑपरेशन छान झालं, आर्टरी पहिल्या फटक्यात चालू झाली, एक व्हेन गळ्यातल्या एक्स्टर्नल जुग्युलर व्हेनला जोडली. पहिल्या रात्री अकराच्या सुमारास सिस्टरनी बोलावलं, म्हणाल्या सर, फ्लॅप संध्याकाळपेक्षा जास्त लाल वाटतोय. मी जाऊन बघितलं तर मस्त गुलाबी, बोटाने दाबलं की लगेच रंग परत येतोय, डॉपलरला (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) आर्टरी खणखणीत. मला वाटलं याहून चांगला फ्लॅप असूच शकत नाही. फाइलवर फ्लॅप हेल्दी असं लिहून झोपायला गेलो. पहाटे पाचला जांभळा. परत ओटीत नेलं, व्हेन गच्च क्लॉटने भरलेली, काढली, पुन्हा जोडली, पण फ्लॅप काही वाचला नाही, शेवटी छातीचा पेक्टोरॅलिस मेजर फ्लॅप फिरवावा लागला. सिस्टरना जे दिसलं होतं ते बरोबर होतं. रक्त आत येतंय पण बाहेर जात नाहीये अशा फ्लॅपचा पहिला चेहरा निळा नसतो, तो नेहमीपेक्षा जास्त गुलाबी असतो, आणि रिफिल, म्हणजे दाबून सोडल्यावर रंग परत येणं, जरा जास्तच झटपट असतं. निळा रंग नंतर येतो, आणि तो येईपर्यंत आपण बरेच तास घालवलेले असतात.

आता मूळ रचना. हा फ्लॅप चीनमध्ये यांग गुओफान आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केला, म्हणून अजूनही जुने सर चायनीज फ्लॅप म्हणतात, आणि १९८३ च्या सुमारास ग्लासगोच्या सौतार यांनी तो तोंडाच्या आत वापरायला घेतला, तिथून तो हेड अँड नेकवाल्यांचा झाला. या फ्लॅपचं वेगळेपण हे की रक्त बाहेर न्यायला दोन स्वतंत्र वाटा आहेत. वरची वाट म्हणजे चामडीखालच्या व्हेन्स, अंगठ्याच्या बाजूला सिफॅलिक, करंगळीच्या बाजूला बॅसिलिक, मध्ये मीडियन. खालची वाट म्हणजे रेडियल आर्टरीला दोन्ही बाजूंनी चिकटून जाणाऱ्या दोन व्हीसी, ज्या एकमेकींना शिडीच्या पायऱ्यांसारख्या जोडलेल्या असतात. सिफॅलिक चांगली असली तर अडीच-तीन मिलिमीटरची, भिंत जाड, जोडायला सोपी. व्हीसी मनगटाजवळ जेमतेम मिलिमीटरभर, पातळ, कोपराकडे जाताना हळूहळू मोठ्या होत जातात. कोपराच्या खळग्यात एक जोडव्हेन या दोन्ही वाटांना एकत्र आणते, ती लक्षात ठेव, पुढे उपयोगाची आहे.

आता सगळ्यांची चूक होते ती इथे: सिफॅलिक मोठी दिसते म्हणून फ्लॅप तिच्यातूनच रिकामा होतो असं आपण गृहीत धरतो. पण सिफॅलिक मुळात हाताच्या पंजाचं रक्त वर नेणारी आहे. आपला पॅडल, म्हणजे फ्लॅपचा चामडीचा तुकडा, तिच्यावर बसला असेल, आणि पॅडलमधल्या बारीक व्हेन्स तिला मिळत असतील, तरच ती फ्लॅपची. पुरुषांच्या हातावर अंगठ्याकडच्या बाजूला केस जास्त, तोंडात केस नकोत म्हणून आपण पॅडल करंगळीकडे सरकवतो, मग सिफॅलिक पॅडलच्या अगदी काठावर किंवा बाहेरच राहते, आणि आपण तिला चरबीच्या एका पट्ट्यासकट ओढून आणतो नि खूश होतो. अशी व्हेन म्हणजे नुसता पाइप, त्यात फ्लॅपचं पाणी येतच नाही. म्हणून माझं उत्तर सिफॅलिक की व्हीसी असं नाहीच आहे. कुठल्या वाटेने रिकामं व्हायचंय हे तो फ्लॅप ठरवतो, आपण त्याला तीन-चार वेळा विचारायचं, ऑपरेशनच्या आधी, उचलल्यावर, जोडताना आणि वॉर्डात.

ऑपरेशनच्या आधीचं बघू. अ‍ॅलन टेस्ट सगळे करतात, ती अल्नर आर्टरीसाठी, पंजा जगेल का यासाठी, आणि ती झाली की हात तपासून झाला असं समजून पुढे जातात, व्हेनकडे कोणी बघतच नाही. आपल्याकडचा पेशंट आधी दोन-तीन ठिकाणी फिरून आलेला असतो, कुठे सलाइन लागलेलं असतं, कुठे केमो झालेली असते, आणि कॅन्युला लावायला मनगटाजवळची सिफॅलिक ही सगळ्यांची आवडती जागा. एकदा कॅन्युला बसला की ती व्हेन आतून सुजून दोरीसारखी कडक होऊ शकते, वरून दिसते पण आत पोकळी नसते. म्हणून ओपीडीतच विचारायचं, काका, या हाताला गेल्या दोन-तीन महिन्यांत सुई लागली होती का, आणि अ‍ॅडमिट झाल्याबरोबर ज्या हाताचा फ्लॅप घ्यायचा, शक्यतो डावा म्हणजे कामाचा नसलेला, त्यावर मार्करने ठळक लिहायचं की या हाताला सुई नको, रक्त घेणं नको. नुसतं फाइलमध्ये लिहून उपयोग नाही, रात्री रक्त घ्यायला येणारा फाइल उघडत नाही. पेशंटला आणि त्याच्या बायकोलाही सांगून ठेव, ते राखणदारासारखे सांभाळतात.

मग हात पलंगाखाली लोंबकळत ठेवायचा, दंडाला बीपीचा कफ लावून ५०-६० पर्यंतच फुगवायचा, मूठ चार-पाच वेळा उघडझाक करायला लावायची. सिफॅलिक फुगते का, बोटाखाली मऊ स्प्रिंगसारखी लागते की कडक तार लागते, मनगटापाशी टिचकी मारली तर लाट कोपराकडच्या बोटाला जाणवते का. एका बोटाने दाबून दुसऱ्याने वर निपटून रिकामी करायची आणि खालचं बोट सोडायचं, भरली तर वाट मोकळी. जाड हातात काही दिसत नाही तेव्हा सोनोग्राफीचा लिनियर प्रोब ठेवायचा, दाबल्यावर जी व्हेन पूर्ण चपटी होते ती चांगली, जी होत नाही तिच्यात क्लॉट किंवा जुना व्रण. पाच मिनिटांचं काम आहे, आणि हे सगळं मार्कर घेऊनच करायचं, कारण पॅडल कुठे आखायचा ते या रेषेवर ठरतं. केस आणि व्हेन यात निवड करायची वेळ आली तर मी व्हेन निवडतो. रेडिएशन मिळालं तर केस बहुतेक वेळा गळतातच.

फ्लॅप उचलताना एक छोटी गोष्ट, टूर्निके (दंडावरचा रक्त थांबवणारा पट्टा) लावायच्या आधी हात रबरी पट्टीने पिळून पूर्ण रिकामा करू नकोस, नुसता दोन मिनिटं उंच धर. थोडं रक्त व्हेन्समध्ये राहिलं की त्या दिसतात आणि पॅडलमधून सिफॅलिककडे जाणाऱ्या बारीक फांद्या चुकून कापल्या जात नाहीत. सिफॅलिकच्या शेजारूनच रेडियल नर्व्हची वरची शाखा जाते, ती वाचवण्याच्या नादात त्या फांद्या जातात, हे मी बऱ्याच जणांच्या हातून होताना बघितलंय, माझ्या हातूनही झालंय.

उचलून झाला, आता सगळ्यात महत्त्वाची वीस मिनिटं. टूर्निके सोडायचा, फ्लॅप हातावरच पेडिकलवर, म्हणजे त्याच्या रक्तवाहिन्यांच्या देठावर, जिवंत ठेवायचा, कोमट सलाइनचा गॉज टाकायचा. गळ्याची टीम अजून काम करत असते, म्हणजे ही वीस मिनिटं फुकट मिळतात, ती गप्पांत घालवायची नाहीत. सिफॅलिकचं पंजाकडचं टोक आपण बांधलेलं आहे, म्हणजे आता तिच्यात जे रक्त दिसतंय ते फक्त फ्लॅपमधून आलेलं. ती तट्ट फुगली असेल तर ती खरंच फ्लॅपची व्हेन आहे. लोळागोळा पडली असेल तर कितीही जाड असो, तिच्यावर विश्वास नाही. मग सिफॅलिकवर मायक्रोक्लॅम्प लावून पाच मिनिटं थांबायचं आणि फ्लॅपचा रंग, फुगीरपणा, कडेने येणारं रक्त बघायचं. काही फरक नाही पडला तर व्हीसी एकट्या सांभाळू शकतात. आता क्लॅम्प काढून व्हीसींवर लावायचा आणि तेच. बऱ्याच फ्लॅपमध्ये दोन्ही वेळा काही होत नाही, दोन्ही वाटा चालू असतात. पण अधूनमधून एक असा भेटतो की एकीला क्लॅम्प लावला की पाच मिनिटांत फ्लॅप गडद होतो, कडा काळपट गळायला लागतात. त्याने तुला सांगितलं. त्याचं ऐकायचं.

दुसरा प्रश्न विचारायची संधी गळ्यात मिळते. काही जण व्हेन आधी जोडतात, मी बहुतेक वेळा आर्टरी आधी जोडून क्लॅम्प काढतो आणि दोन्ही वाटांची तोंडं अर्धा-एक मिनिट उघडी ठेवतो. कुठून धार येतेय आणि कुठून नुसते थेंब, हे समोर दिसतं. थोडं रक्त जातं, पण जी माहिती मिळते ती कुठल्याही मशीनने मिळत नाही. हातावर चांगली वाटलेली व्हेन इथे गप्प बसली असंही झालंय, कारण आणताना पीळ पडला होता. म्हणून व्हेन कापायच्या आधी तिच्या अंगावर मार्किंग इंकने एक सरळ रेघ मारून ठेव, गळ्यात ती रेघ सरळ दिसली पाहिजे.

एक की दोन? दोन्ही चांगल्या असतील तर मी दोन जोडतो, आणि दोन म्हणजे एक सिफॅलिक आणि एक व्हीसी, वेगवेगळ्या वाटांच्या, आणि गळ्यातही वेगवेगळ्या ठिकाणी, एक फेशियल व्हेनच्या बुडख्याला किंवा इंटर्नल जुग्युलरला एंड टु साइड (आपल्या व्हेनचं टोक तिच्या कुशीला), दुसरी एक्स्टर्नल जुग्युलरला. दोन्ही एकाच व्हेनवर टाकल्या आणि तीच व्हेन बंद पडली तर दोन जोडल्याचा काय फायदा. यावरच्या अभ्यासांचे निकाल सगळे एका बाजूचे नाहीत, दोनमुळे कंजेशनच्या (रक्त साचण्याच्या) भानगडी कमी होतात असं म्हणणारे बरेच, आणि दोन केल्या की प्रत्येकीतला वेग कमी होतो म्हणून एकच मोठी आणि उत्तम करा असं म्हणणारेही आहेत, आणि दोघांच्याही हाती फ्लॅप जगतात. मात्र आकडा भरायचा म्हणून मिलिमीटरभराची फाटकी व्हीसी कशीबशी शिवू नकोस, तिथे क्लॉट होईल आणि वेळ जाईल तो वेगळाच. एकच जोडायची असेल तर फ्लॅपने निवडलेली जोड. किंवा मग कोपरापर्यंत वर जा, ती मघाशी म्हटलेली जोडव्हेन सांभाळून घे, म्हणजे एकाच मोठ्या तोंडातून दोन्ही वाटा रिकाम्या होतात, पेडिकलही लांब मिळतो. हातावर जखम मोठी होते आणि अर्धा-पाऊण तास जास्त लागतो, पण गळ्यात आधी रेडिएशन झालेलं असेल, व्हेन्स कमी असतील, तर ते सगळं वसूल होतं.

आणि जी व्हेन वापरली नाहीस ती आखूड कापू नकोस. लांब ठेव, क्लिप लाव, कुठे ठेवली ते ऑपरेशन नोटमध्ये लिही. रात्री दोनला पुन्हा उघडायची वेळ आली तर तीच तुझी दुसरी वाट.

जोडणी कपलरने (व्हेनची दोन टोकं जोडणाऱ्या रिंगांनी) कर किंवा ९-० नायलॉनने, दोन्ही चालतं. कपलर पटकन होतो आणि व्हेनचं तोंड उघडं धरून ठेवतो, पण सरकारी हॉस्पिटलात तो नेहमी मिळेल असं नाही, त्यावाचून काही अडत नाही. चालू झाल्यावर दोन फोर्सेप्सची टेस्ट: जोडाच्या पुढे, म्हणजे हृदयाकडच्या बाजूला, एकाने धरायचं, दुसऱ्याने तिथून पुढे निपटून रिकामं करायचं, पहिला सोडायचा, झटकन भरलं पाहिजे. एकदाच, हलक्या हाताने. पाच-पाच वेळा करत बसलास तर आतलं अस्तर तूच दुखावशील.

आता जे पुस्तकात ठळक लिहिलेलं नसतं ते. ऑपरेशनमध्ये मान ताणलेली, वळलेली, खांद्याखाली गुंडाळी. शेवटी गुंडाळी काढली आणि मान सरळ केली की दोन-तीन सेंटिमीटर व्हेन जास्तीची होते आणि तिचा वेटोळा पडतो. म्हणून टाके घालायच्या आधी मान सरळ करून, मग दोन्हीकडे थोडी वळवून व्हेनकडे परत एकदा बघायचं. ड्रेनची नळी तिच्यावर नको. ट्रेकिओस्टॉमीची, म्हणजे श्वासासाठी गळ्यात घातलेल्या ट्यूबची, फीत गळ्याभोवती आवळून बांधायची नाही, ट्यूब चामडीला टाक्यांनी लावायची, कारण एक्स्टर्नल जुग्युलर इतकी वरवर असते की रात्री वॉर्डातल्या मामांनी फीत बदलून घट्ट बांधली तरी ती चपटी होते. माझ्या त्या काकांचं नेमकं काय झालं होतं हे शंभर टक्के सांगता येणार नाही, पण गळ्यात फीत होती आणि व्हेन एकच होती, तीही एक्स्टर्नल जुग्युलर.

वॉर्डातली पाहणी: पहिले २४ तास दर तासाला, पुढचे २४ दर दोन तासांनी, मग चार-चार तासांनी पाचव्या दिवसापर्यंत. व्हेनच्या बहुतेक भानगडी पहिल्या ४८ ते ७२ तासांत होतात आणि आर्टरीपेक्षा व्हेन जास्त वेळा बंद पडते. बघायच्या आधी लाळ आणि रक्त ओल्या गॉजने पुसून घे, टॉर्च दर वेळी तोच पांढऱ्या उजेडाचा, ट्यूबलाइटमध्ये सगळंच निळसर दिसतं. रंग कशाशी ताडायचा? त्याच पेशंटच्या दुसऱ्या हाताच्या आतल्या चामडीशी, कारण फ्लॅप तिथलाच आहे, चांगला फ्लॅप त्या हाताइतकाच फिकट दिसतो. तोंडात लालचुटुक फ्लॅप बघून खूश होऊ नकोस, गालाच्या अस्तराशी मिळताजुळता रंग ही पहिल्या दिवशी चांगली बातमी नाही. रिफिल दोन-तीन सेकंदांचं हवं, एका सेकंदाच्या आत आलं तर संशय घे. टाक्यांच्या कडेने काळपट रक्त झिरपत राहिलं तर ती फार लवकरची खूण आहे, मी तिला रंगापेक्षा जास्त मानतो. बोटाला टणक लागतोय, टाके आत रुतलेत, तर उशीर व्हायला लागलाय.

डॉपलरने फसू नकोस. व्हेन पूर्ण बंद झाल्यावरही आर्टरीचा आवाज बराच वेळ येत राहतो, फक्त त्याची लय बदलते, मघाशी लांबट सूं-सूं होती ती तुटक ठक-ठक होते, कारण पुढे वाट नाही. व्हेनचा आवाज वेगळा, वाऱ्यासारखा सलग, आणि फ्लॅप हलका दाबला की वाढतो, तो ऐकायची सवय लाव आणि ऑपरेशनच्या शेवटी जागा सापडली की तिथे एक प्रोलीनचा टाका घालून ठेव. व्हेनवरच बसवायचा इम्प्लांटेबल डॉपलर मिळाला तर फारच चांगलं, कारण आत लपलेल्या फ्लॅपला दुसरा इलाज नसतो. आपल्याकडे गुटख्यामुळे तोंडच उघडत नाही असे पेशंट खूप, महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असूनही, त्यांच्यात मागचा फ्लॅप बघायला अँगल्ड टेलिस्कोप सरळ वॉर्डात आणून ठेवायचा.

संशय आला की सुई. २४ किंवा २६ नंबरची, पेडिकलपासून लांब. दोन-पाच सेकंदांत लालभडक थेंब आला तर ठीक, सुई काढताक्षणी काळंजांभळं रक्त आलं आणि थांबतच नाही तर व्हेन, काहीच नाही आलं तर आर्टरी. तोच थेंब ग्लुकोमीटरवर घेऊन बोटाच्या साखरेशी ताडला तर आणखी आधार मिळतो, अडकलेल्या फ्लॅपची साखर खाली खाली जाते. पण दर तासाला टोचू नकोस. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवर निर्णय घेऊ नकोस, मोबाइल रंग स्वतःच सुधारतो. पाठवायचाच तर दाबून सोडल्याचा व्हिडिओ पाठव, पण बोलावलं की उठून जायचं. सिस्टर किंवा मावशी म्हणाल्या की मघाशी असा नव्हता, तर तो माझ्यासाठी डॉपलरपेक्षा मोठा पुरावा आहे, कारण त्या दर तासाला बघतात आणि आपण दिवसातून तीनदा.

संशय पक्का झाला तर अ‍ॅनेस्थेशियाला आधी फोन, मग बाकीचं, म्हणजे ते येईपर्यंत मान सरळ कर, फीत सैल कर, ड्रेन चालू आहे का आणि गळा फुगलाय का बघ, ताणलेले दोन-तीन टाके काढ. या दहा-पंधरा मिनिटांत रंग उतरला तर छान. नाही उतरला तर उघडायचं, सकाळी सरांना विचारून बघू हा विचारच नको, अडकलेलं रक्त आतल्या बारीक वाटा एकेक करून बंद करत जातं आणि काही तासांनी व्हेन मोकळी केली तरी फ्लॅप परत येत नाही. उघडून क्लॉट नसला, सगळं ठीक निघालं, तर कोणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी हरकत नाही. जळवांबद्दल विचारतात लोक, जळू लावता येते, पण जिथे व्हेन दुरुस्त करणं शक्यच नाही तिथेच, सोबत जळूतल्या एरोमोनास जंतूसाठी सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं कव्हर आणि हिमोग्लोबिनवर नजर ठेवून, आणि तोंडात लावलीच तर तिला धागा बांधून कोणीतरी समोर बसून राहायचं. बंद व्हेन उघडण्याऐवजी जळू लावणं चूक.

तुमच्या त्या पेशंटचा दुसरा फ्लॅप करायचा ठरत असेल तर त्याच बाजूच्या गळ्यावर भरवसा ठेवू नका, तिथल्या व्हेन्समध्ये क्लॉट वरपर्यंत गेलेला असू शकतो. आधी दोन्ही बाजूंचा डुप्लेक्स (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) करून घ्या, आणि दुसऱ्या हातावर आज जर कॅन्युला असेल तर तो आत्ता जाऊन काढ, पायाला लाव.